गुरुजींना काय झालंय, ते मला माहीत नाही

वाचक डॉक्टरांचं पत्र:

मी एम.डी. मेडिसिन. चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना टाकला. माझे एक पेशंट आहेत, एकसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. मीही त्यांच्याच हाताखाली चौथी पास झाले. सहा महिन्यांपासून त्यांच्या पोटात कळ येते, अधूनमधून जुलाब होतात, संध्याकाळी अंगात कसकस असते. वजन नऊ किलोंनी उतरलंय. स्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे जखमा दिसल्या. बायोप्सीचा रिपोर्ट गुळमुळीत, टीबीची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह. शहरातले एक पोटविकारतज्ज्ञ म्हणतात, क्रोन्स (आतड्याची जुनाट सूज) आहे, स्टेरॉइड सुरू करा. दुसरे म्हणतात, टीबीच आहे, एकेटी (टीबीची औषधं) द्या. गुरुजींचा मुलगा दोन्ही फायली घेऊन माझ्यासमोर येऊन बसला, "मॅडम, तुम्ही सांगा नक्की काय ते." मी म्हणाले, दोन दिवसांत सांगते. आज दहावा दिवस. मला खरंच कळत नाहीये. 'माहीत नाही' म्हटलं तर विश्वास उडेल आणि गावात बोभाटा होईल. काहीतरी ठोकून दिलं तर मलाच झोप लागणार नाही. रात्री वाटतं, डिग्री फुकट गेली. काय करू?

उत्तर:

डॉक्टर,

आधीच सांगून टाकते, गुरुजींना क्रोन्स आहे की टीबी, ते मी या पानावरून सांगणार नाही. मी त्यांना पाहिलेलं नाही, त्यांचं पोट चाचपलेलं नाही, स्कोपीचे फोटोही माझ्यासमोर नाहीत. दोन तज्ज्ञांची जुंपलेली असताना लांबून तिसरा दगड मारण्यात काय अर्थ आहे? आणि तुमचा प्रश्न तरी तो कुठे आहे? कळत नसताना डॉक्टरनं काय करायचं आणि काय बोलायचं, हे तुम्ही विचारताय. त्यावर मात्र मला पुष्कळ बोलायचंय, आणि त्यासाठी तुम्हाला अडीचशे वर्षं मागे, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला नेणार आहे. प्रॅक्टिसमधून निवृत्त झाल्यापासून मला जुन्या वैद्यकाचं वेड लागलंय. या सदराच्या वाचकांना ते सोसावं लागतं, आज तुमची पाळी.

तिथे विल्यम कलन नावाचा एक डॉक्टर होता. जन्म १७१०, मृत्यू १७९०. आधी ग्लासगोला शिकवत असे, मग एडिंबरोत आधी रसायनशास्त्राचा आणि पुढे वैद्यकाचा प्राध्यापक झाला. लॅटिनचा दरारा असलेल्या काळात त्यानं विद्यार्थ्यांना त्यांच्या रोजच्या इंग्रजीत व्याख्यानं दिली. ईथर हवा काढलेल्या भांड्यात उकळवून थंडी कशी तयार होते, हेही त्यानं दाखवलं होतं, म्हणजे तुमच्या दवाखान्यातल्या लशींच्या फ्रिजचा तो लांबचा आजोबाच म्हणायचा. पण मला तो आवडतो तो त्याच्या पत्रांसाठी. एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे त्याच्या वैद्यकीय पत्रव्यवहारातली पाच हजारांहून अधिक पत्रं जपून ठेवलेली आहेत. कुणी रोगी स्वतः लिहायचा, कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ. आणि बरीच पत्रं कुणाची असायची, सांगू? गावोगावच्या, तुमच्यासारख्याच डॉक्टरांची. समोरच्या माणसाला काय झालंय ते उलगडत नाही, हे हे देऊन पाहिलं, गुण नाही, आता आपण सांगावं, अशा मजकुराची. कलन त्यांना टपालानं उत्तरं द्यायचा. ज्यांना त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं अशांवर तो केवळ कागदावरच्या हकिकतीवरून मत द्यायचा.

आज व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री साडेअकराला 'मॅडम रिपोर्ट पाठवलाय' असा मेसेज येतो आणि आपण कपाळाला हात लावतो. हे दुखणं जुनं आहे एवढाच दिलासा. कलन आपल्या उत्तरांच्या नकला ठेवायचा. १७८१ पासून त्यासाठी त्याच्याकडे जेम्स वॉटनं बनवलेलं नकला काढायचं यंत्र होतं. वाफेच्या इंजिनाचा तोच वॉट. शाईतलं पत्र ओलसर पातळ कागदावर दाबलं की अक्षर त्यावर उतरायचं. आपण कुणाला, कधी, काय सांगितलं याची नोंद कलनच्या हाताशी असायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गंमत बघा. त्या काळात रोगांना नावं देण्याची साथच आली होती. लिनियसनं वनस्पतींची कुळं-गोत्रं लावली, तशी आपण रोगांची लावू, असं डॉक्टरांना वाटायला लागलं. फ्रान्समधल्या सोवाज नावाच्या डॉक्टरनं सुमारे २,४०० रोगजाती मोजल्या! कलननं १७६९ मध्ये स्वतःचं वर्गीकरण काढलं, सगळे रोग चार मोठ्या वर्गांत बसवले. 'न्यूरोसिस' हा शब्द त्याचाच. म्हणजे नावांचा एवढा शौकीन माणूस. पण रोग्याला पत्र लिहायला बसला की त्याची लेखणी रोजच्या जगण्याकडे वळायची. काय खायचं, काय टाळायचं, घोड्यावर किती फेरफटका मारायचा, अंगाला लोकरी कापड लावायचं की नाही, कोणतं औषध किती आणि कधी. नाव ठरो न ठरो, माणसाला उद्या सकाळी उठून काहीतरी करायचं असतंच ना? तुमच्या पत्रात मला हीच गोष्ट सापडली नाही. गुरुजी सध्या काय खातायत? कळ कशानं वाढते? दहा दिवस तुम्ही नावाच्या मागे आहात आणि पोट तिकडे दुखतंच आहे.

पण खरी गोष्ट सांगायचीय ती कलनच्या एका मित्राची. तो त्याचा रोगीही होता. डेव्हिड ह्यूम, तत्त्वज्ञ. 'यामुळे हे झालं' असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्यक्षात पाहतो काय? एकामागून दुसरं घडलेलं. बाकीचं आपली सवय भरून काढते, असं सांगून ज्यानं युरोपातल्या विद्वानांची झोप उडवली, तो. धिप्पाड, खवय्या, हसतमुख माणूस. १७७५ च्या वसंतात त्याच्या आतड्यांत काहीतरी बिघडलं. सुरुवातीला त्यानं मनावर घेतलं नाही. फेब्रुवारी १७७६ मध्ये त्यानं आपल्या अर्थतज्ज्ञ मित्राला, अ‍ॅडम स्मिथला पत्रात कळवलं, वजन करून पाहिलं, पुरे पाच स्टोन उतरलंय. म्हणजे सत्तर पौंड, आपले सुमारे बत्तीस किलो. स्मिथ लंडनहून यायला चालढकल करत होता, त्याला पुढे चिमटाही काढला की आणखी उशीर केलास तर मी नाहीसाच झालेलो असेन.

मग सुरू झाली डॉक्टरांची वारी. एडिंबरोत जोसेफ ब्लॅक त्याला पाहत होता. कार्बन डायऑक्साइड वेगळा ओळखणारा तो ब्लॅक, कलनचाच विद्यार्थी. त्याचा कल आतड्यांतल्या रक्तस्रावाकडे होता; ह्यूमची आई अशाच प्रकृतीची होती आणि याच दुखण्यानं गेली, हेही त्यानं टिपून ठेवलं होतं. एप्रिलमध्ये ह्यूम लंडनला गेला, तिथे सर जॉन प्रिंगल. लष्करी वैद्यकातलं बडं नाव, त्या वेळी रॉयल सोसायटीचा अध्यक्ष. तो म्हणाला, मोठ्या आतड्यात एके ठिकाणी अरुंद झालंय, बाथला (इंग्लंडमधलं गरम झऱ्यांचं गाव) जाऊन तिथलं पाणी प्या. बाथला गेला, तर तिथे ऐकायला मिळालं की हा पित्ताचा बिघाड. काही दिवस बरं वाटलं, मग ते पाणीच सोसेना. म्हणजे पाच-सहा आठवड्यांत तीन शहरं, तीन निदानं, आणि तिन्ही देणारे आपापल्या ठिकाणी नावाजलेले. तुमच्या गुरुजींकडे दोनच आहेत.

आणि मग जूनमध्ये जॉन हंटर योगायोगानं बाथला आला. हंटर सर्जन. त्या काळी फिजिशियन आणि सर्जन या जणू दोन जाती होत्या. फिजिशियन ऐकायचा, नाडी पाहायचा, जीभ पाहायचा, विचार करायचा. अंगाला हात लावणं हे बहुतेक करून सर्जनचं काम. स्टेथोस्कोप यायला अजून चाळीस वर्षं होती, तो १८१६ चा. छातीवर बोटं ठोकून आवाज ऐकण्याची युक्ती व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरनं १७६१ मध्ये छापली होती, पण तिच्याकडे फार कुणी पाहिलं नव्हतं. तर हंटरनं काय केलं? ह्यूमच्या पोटावर हात ठेवला, आणि यकृतात गाठ लागली.

ह्यूमनं हे आपल्या भावाला कळवलं. ते पत्र वाचताना मला दर वेळी हसू येतं आणि पोटात तुटतंही. जन्मभर 'तुम्हाला हे कशावरून कळलं?' असं विचारत आलेला माणूस लिहितो की ही गोष्ट तर्कानं काढलेली नाही, ती इंद्रियांना उघड जाणवलेली आहे, आणि युरोपातल्या सर्वांत मोठ्या शरीररचनातज्ज्ञाला जाणवलेली आहे, तेव्हा ती मान्य करायलाच हवी. तीन मोठ्या डॉक्टरांच्या तर्कापुढे एका हाताची साक्ष त्याला जास्त वजनदार वाटली.

डॉक्टर, आता मला सांगा, गेल्या दहा दिवसांत तुम्ही गुरुजींच्या पोटावर हात ठेवलाय का? स्कोपी झाली, सीटी झाला असेल, फायली फुगल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा, हे आपल्या धंद्यात फार होतं. पोटात उजवीकडे खाली काही गोळा लागतो का, पोटात पाणी वाटतं का, मानेत, काखेत, जांघेत गाठी आहेत का, पूर्वी कधी छातीचं दुखणं होतं का, घरात कुणाला टीबी झाला होता का, हे सगळं पुन्हा एकदा, पहिल्यांदा भेटल्यासारखं. ब्लॅकनं आईचं दुखणं विचारलं होतं तसं. दोन मोठी मतं समोर आली की आपण पेशंट सोडून मतंच तपासायला लागतो. आणि क्रोन्स की टीबी या भांडणात तिसरं काही राहून जातं. एकसष्ट वर्षांचा माणूस नऊ किलो उतरतो तेव्हा लिम्फोमा किंवा दुसरा कॅन्सर यादीतून खोडायला ठोस कारण लागतं. बायोप्सी 'गुळमुळीत' म्हणजे काय? किती तुकडे घेतले होते, कुठून घेतले? स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येते. टीबीच्या जंतूंसाठी कल्चर लावलं होतं का? आणि सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून पोटाचा टीबी हद्दपार होत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. मुलाला ते माहीत नसेल.

ह्यूमचं पुढे काय झालं? हंटरच्या हाताला गाठ लागली म्हणून कोडं सुटलं असं नव्हे. त्याच्या पत्रांवरून आजही डॉक्टर लोक वाद घालतात; कुणी कॅन्सर म्हणतं, कुणी आतड्याची जुनाट सूज. जुलैत तो एडिंबरोला घरी परतला. ब्लॅक आणि कलन ही घरची माणसं होती. एक डॉ. डंडस त्याला म्हणाले, तुमच्या मित्राला सांगतो की तुमची तब्येत सुधारतेय. ह्यूम म्हणाला, तुम्हाला खोटं बोलणं आवडायचं नाही, तेव्हा असं सांगा की मला शत्रू असलेच तर त्यांच्या मनासारखा झपाट्यानं मी मरतोय, आणि माझ्या जिवलगांच्या मनासारखा सुखानं, आनंदानं मरतोय. २५ ऑगस्ट १७७६ ला तो गेला. शेवटपर्यंत शुद्धीत, फारशा वेदना नसताना, असं ब्लॅकनं दुसऱ्या दिवशी स्मिथला कळवलं.

तुमचे गुरुजी मरणार आहेत असं मी बिलकूल सुचवत नाहीये. क्रोन्स असो की आतड्याचा टीबी, आज दोन्हींवर उपाय आहेत. ह्यूमच्या वेळी फक्त बाथची तळी आणि तिथलं पाणी होतं. मला ते डंडससाहेबांचं वाक्य दाखवायचं होतं. चांगल्या मनानं केलेली थाप होती ती, आणि रोग्यानं ती चटकन ओळखली. रोगी ओळखतात. चौथीच्या वर्गात गृहपाठ केला नाही हे तुमच्या तोंडावरून ओळखणारा माणूस तुमच्यासमोर बसलाय. 'दोन दिवसांत सांगते' म्हणून तुम्ही दहा दिवस गप्प आहात, यातून त्यांनी जे ओळखायचं ते केव्हाच ओळखलंय.

म्हणून माझ्या मते न कळण्यात तुमची चूक नाही, दहा दिवस गप्प बसण्यात आहे. आपल्याकडच्या चरकसंहितेत स्पष्ट म्हटलंय की रोगाचं नाव सांगता आलं नाही म्हणून वैद्यानं कधीच लाजू नये, कारण सगळ्याच विकारांना ठरलेलं नाव असत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांनाही ही लाज वाटत असणार, त्याशिवाय हे लिहून ठेवायची वेळ आली नसती.

ही लाज टाळण्यासाठी मी एकदा खोटं बोलले होते, ते सांगते. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी एक एसटी कंडक्टर आले, तीन आठवड्यांचा ताप. मला कळत नव्हतं. पण बाहेर ओपीडी भरलेली, बाकावर त्यांच्याच डेपोची दोन माणसं बसलेली, आणि मी नवी. मी ठणकावून 'टायफॉइड' सांगितलं. नाव ऐकून सगळ्यांचे चेहरे सैल झाले, माझाही. दोन आठवडे त्या नावावर निघाले. तोवर हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घर केलं होतं. ते वाचले, पण पुढे झडप बदलावी लागली. त्यांची बायको मला भांडायला आली नाही. फक्त म्हणाली, "मॅडम, तुम्ही तेव्हाच म्हणाला असता कळत नाही, तर आम्ही मिरजेला गेलो असतो." हे वाक्य मी तीस वर्षं सांभाळलंय. चुकीचं नाव सांगून मी त्यांचा पुढचा रस्ताच बंद केला होता.

आता करायचं काय. मुलाला एकट्याला बोलावू नका, गुरुजींना घेऊन यायला सांगा. दुखणं त्यांचं आहे. ओपीडी संपल्यावरची वेळ द्या. आणि मराठीत बोला. 'डिफरन्शियल', 'इन्कन्क्लूझिव्ह' असले शब्द बाहेर चपलांपाशी ठेवा. साधारण असं: "गुरुजी, आतड्यात जखमा आहेत हे नक्की. त्या कशामुळे झाल्यात हे आज नक्की नाही. दोन आजार असे आहेत की दुर्बिणीतून जवळपास सारखे दिसतात, भल्याभल्यांचा गोंधळ होतो, म्हणून दोन मोठ्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. कुणाची चूक नाही. मी दोघांशी बोलणार आहे आणि अमुक तारखेला तुम्हाला आमचं ठरलेलं सांगणार आहे. तोवर हे खायचं, हे टाळायचं. ताप वाढला, पोट फुगलं, उलट्या थांबल्या नाहीत, शौचातून रक्त गेलं तर रात्री दोन वाजताही फोन करायचा." यात 'माहीत नाही' आहेच, पण ते एकटं नाही. माणसाला डॉक्टरचं अज्ञान तितकंसं घाबरवत नाही. पुढे काय हे कुणी सांगत नाही तेव्हा तो घाबरतो.

दुसरं, त्या दोन तज्ज्ञांना फाईल फॉरवर्ड करू नका. त्या स्कॉटिश खेड्यांतले डॉक्टर कलनला लिहायचे तसं एक पानाचं पत्र लिहा, दोघांना तेच. कधी काय सुरू झालं, तुमच्या हाताला काय लागलं, काय तपासलं, काय राहिलंय. आणि शेवटी नेमकं विचारा: आपलं निदान चुकीचं ठरलं तर पेशंटचं काय नुकसान होईल? आणि कोणती गोष्ट दिसली तर आपण मत बदलाल? 'आपलं मत कळवा' म्हटलं की तेच मत परत येतं. हे विचारलं की माणूस विचारात पडतो. जमलं तर दोघांना एकाच फोनवर घ्या. मोठ्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावणं अवघड असतं, पण गावच्या फिजिशियननं आग्रह धरला तर फार क्वचित नाही म्हणतात.

निदान चुकलं तर काय नुकसान, या पहिल्या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर तुम्हाला पाठ असेल, तरी मुलासमोर ते मोठ्यानं बोला, कारण निर्णयाची किल्ली तिथे आहे. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी उसळी मारू शकतो. क्रोन्स असताना टीबी समजून एकेटी दिली तर मुख्यतः महिने वाया जातात, आणि लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून आपल्यासारख्या टीबीच्या देशात, आतडं बंद पडणं किंवा फुटण्यासारखी आणीबाणी नसेल तर, बरेच पोटविकारतज्ज्ञ आधी एकेटी देऊन पाहतात. गुरुजींच्या बाबतीत तेच बरोबर, असं मी म्हणत नाही. ते त्यांना पाहणाऱ्यांनी ठरवायचं. पण 'देऊन पाहू' म्हणताना पाहायचं काय आणि कधी, हे आधी कागदावर हवं. बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्कोपी. जखमा भरल्या का, ते डोळ्यांनी पाहायचं. नुसतं 'बरं वाटतंय' पुरत नाही, कारण क्रोन्सच्या पेशंटलाही एकेटीवर काही दिवस बरं वाटू शकतं.

इथे मला आणखी एक जुना रोगी आठवतो. सॅम्युअल जॉन्सन, शब्दकोशकार. १७८४ च्या सुरुवातीला त्याला जलोदर झालेला, पाय सुजलेले, दम लागलेला. फेब्रुवारीत एकाएकी वीस पिंट पाणी लघवीवाटे निघून गेलं, म्हणजे जवळजवळ बादलीभर. त्या दिवशी त्यानं प्रार्थनेत वेळ घालवला होता, त्याला वाटलं देवाची कृपा. औषध देणाऱ्याला वाटलं असेल, औषधाचा गुण. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पुढच्या महिन्यात त्याचा मित्र आणि चरित्रकार बॉस्वेलनं कलनला पत्र लिहून त्याच्यासाठी सल्ला मागवला, कलननं पाठवलाही. डिसेंबरात जॉन्सन गेला. शवविच्छेदनात फुप्फुसं फुगलेली, हृदय वाढलेलं आणि एक मूत्रपिंड निकामी झालेलं दिसलं. पाणी उतरलं त्या दिवशी यातलं काहीच उतरलेलं नव्हतं. औषध लागू पडलं म्हणजे निदान बरोबर, या समजुतीत आपल्या दवाखान्यांतली निम्मी निदानं उभी आहेत. माझीही होती.

(जाता जाता: कलननं औषधांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, तो १७९० मध्ये जर्मनमध्ये आणणाऱ्या भाषांतरकाराला सिंकोनाच्या (मलेरियावरच्या औषधी झाडाच्या) सालीबद्दलचं कलनचं म्हणणं पटलं नाही. त्यानं ती साल स्वतः खाऊन पाहिली. त्याचं नाव सॅम्युअल हानेमान. आपल्या प्रत्येक पेठेत होमिओपॅथीची जी पाटी दिसते, तिचं मूळ त्या भाषांतराच्या एका तळटीपेतल्या मतभेदात आहे. दोन डॉक्टरांचं न पटणं कुठवर जाईल, सांगता येत नाही.)

गावातल्या बोभाट्याचं म्हणाल तर तो होईल. 'मॅडमना कळलं नाही' असं चार दिवस म्हणतील. दोन महिन्यांनी काय म्हणतील ते तुम्ही त्या दोन महिन्यांत किती वेळा गुरुजींकडे डोकावलात त्यावर आहे. कलनकडे लोक तीस वर्षं पत्रं पाठवत राहिले. त्याची औषधं आज पाहिली तर त्यातली थोडीच कामाची होती. तरी लोक लिहीत राहिले, कारण उत्तर यायचं.

तुमचं उत्तरही लिहून ठेवा. केसपेपरवर 'निदान' या रकान्यात निःसंकोच लिहा: 'अनिश्चित, क्रोन्स किंवा टीबी, लिम्फोमा खोडलेला नाही, अमुक तारखेला फेरविचार.' वॉटचं यंत्र नसलं तरी फोननं फोटो काढता येतो. एक प्रत मुलाला द्या. एकेटी सुरू झालीच तर निक्षयवर (टीबीच्या सरकारी पोर्टलवर) नोंद आणि लिव्हरच्या तपासण्यांच्या तारखा त्याच कागदावर.

आणि एक. ह्यूमनं स्वतःचं वजन स्वतः करून ठेवलं होतं, म्हणून आज आपल्याला ते कळतं. गुरुजींनी चाळीस वर्षं हजेरीपट भरलेत. सहा महिने पोट दुखतंय म्हटल्यावर त्या माणसाकडे कुठेतरी एक वही असणार, कोणत्या दिवशी काय खाल्लं, किती वेळा कळ आली, ताप किती वाजता. तुमच्याकडे दोन फायली आल्या, ती वही आलेली दिसत नाही. ती मागून घ्या.